माझ्या मित्राच्या गाडीचा क्लेम

गाडी फक्त सरळ करायची, एवढंच माझ्या मनात होतं. (पुढे जे झालं त्यातलं काहीही माझ्या मनात नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. पण घरात सध्या माझ्या शपथेला किंमत नाही.)

त्याचं असं झालं. आमची ही, म्हणजे वेदिका, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. गेल्या जूनमध्ये तिची बदली जाकादेवीच्या पुढे एका वाडीवरच्या शाळेत झाली. रत्नागिरीहून तिथे वेळेवर पोचायचं तर पहाटे पाचला उठायचं, डबा करायचा आणि सहा वीसची एसटी धरायची. हे तिने पाच महिने केलं आणि दिवाळीच्या सुट्टीत एके दिवशी चहा गाळता गाळता जाहीर केलं, "मी गाडी शिकणार."

वय वर्षं अठ्ठेचाळीस. मी हसलो नाही. (हसू आलं होतं, पण तोंडात चहा असल्यामुळे ते चहाबरोबर आत गेलं.)

पहिले दोन दिवस शिकवायला मीच बसलो. तिसऱ्या दिवशी तिने ड्रायव्हिंग स्कूल लावलं. "तुम्ही शिकवत नाही, ओरडता," असं तिचं म्हणणं. मी ओरडत नव्हतो. मी मार्गदर्शन जरा मोठ्याने करत होतो. मी इथल्याच एका सरकारी कचेरीत आवक-जावक विभागात आहे. आलेल्या टपालावर शिक्का मारायचा, गेलेल्या टपालावर शिक्का मारायचा, असं चोवीस वर्षं चाललंय. शिक्का चौकटीतच बसला पाहिजे, हा माझा स्वभाव. तो गाडीत बसताना बाहेर काढून ठेवता येत नाही.

तर वेदिका ट्रायलला पहिल्या फटक्यात पास झाली. जानेवारीतल्या एका शनिवारी, सकाळची शाळा होती म्हणून, ती पहिल्यांदा एकटी गाडी घेऊन गेली. साडेबाराला परत आली. फाटकातूनच तिने हॉर्न वाजवला, एकदा नव्हे, चारदा.

"अहो, एकटी गेले आणि एकटी आले! निवळीच्या पुढे चिऱ्यांचा ट्रक अंगावर आला होता, त्याला बाजू देऊन आले!"

तिचा चेहरा असा फुलला होता की मीही मनापासून म्हणालो, "वा!" मग ती जेवली आणि समाधानाने आडवी झाली. मला शनिवारची सुट्टी. मी पडवीत बसलो होतो आणि समोर आवारात गाडी उभी होती. वाकडी. तोंड तुळशीकडे, पाठ गडग्याकडे. पेपरातल्या दोन ओळी वाचल्या की नजर गाडीकडे जायची. तिसऱ्यांदा गेली तेव्हा मी उठलो आणि किल्ली घेतली.

आमच्या आणि शेजारच्या गफूरभाईंच्या आवारांच्या मधे चिऱ्यांचा गडगा आहे. कमरेएवढा उंच, नुसते दगडावर दगड रचलेला, शेवाळाने काळा पडलेला. माझ्या सगळ्या योजनेत हा गडगा कुठेच नव्हता. मी गाडीत बसलो, रिव्हर्स टाकला आणि आरशात बघितलं. आरसा वेदिकाने तिच्या उंचीला लावून घेतलेला. त्यात मला माझ्या शर्टाचं दुसरं बटण दिसलं. तीन फुटांसाठी आरसा कशाला हलवायचा, असा विचार करून मी मागे आलो.

आवाज फार मोठा झाला नाही. आधी कुणीतरी पापड मोडल्यासारखा, मग नारळ पडल्यासारखा, आणि मग नुसतीच खरखर. ती खरखर कसली हे बाहेर आल्यावर कळलं. गफूरभाईंच्या झुबेदाभाभींनी बोंबील सुकत घातले होते. गडग्यात एक काठी रोवून तिथपासून त्यांच्या आंब्याच्या कलमापर्यंत दोरी बांधली होती आणि दोरीवर बोंबील. ती काठी आडवी झाली होती आणि सगळी दोरी आमच्या डिकीवर येऊन पडली होती. नवीन गाडीला तोरण बांधतात तशी.

"लागली काय?" गडग्यापलीकडून गफूरभाईंनी विचारलं.

गफूरभाई तीस वर्षं मालवाहू बोटींवर होते, शेवटी खलाशांचे मुकादम म्हणून उतरले. आता ते ओट्यावर बसून असतात आणि त्यांना सगळं दिसतं.

"नाही," मी म्हणालो. मग चाकाखालचा चिरा बघून म्हणालो, "थोडीशी."

ते आले, वाकून बघितलं. उजव्या बाजूचा टेललाइट फुटला होता, बंपर चिरला होता आणि डिकीला कुणी गुद्दा मारावा तसा खड्डा पडला होता.

"पाठीमागं बघनारा मानूस उभा केल्याबिगर बोट मागं घेत नायत, विनीतराव."

"भाई, ही बोट नाही."

"म्हनून तर तुमी कोरडे हाव."

मी गाडी पुढे घेऊन सरळ उभी केली, मग आम्ही दोघांनी मिळून दोन चिरे परत जागेवर बसवले, काठी रोवली, बोंबील गोळा करून दोरीला लावले. भाभी आत होत्या, त्यांना पत्ता नव्हता.

"भाई, एवढं कुणाला बोलू नका," मी हळूच म्हणालो.

"मी कशाला बोलू? तुमचं तुमी सांगालच. बायकोला, विम्यावाल्यांना." मग जाता जाता म्हणाले, "बोटीवर जरा कायपन घासलं तर कॅप्टन पयलं लॉगबुकात लिवतो. चाय मागनं पितो."

मी आधी चहा प्यायलो. चहा पिता पिता मला एक गोष्ट सुचली, आणि ती इतकी हुशारीची होती की माझी मलाच भीती वाटायला हवी होती. गाडी आता सरळ उभी होती. वेदिका उठल्यावर तिला पहिल्यांदा हेच दिसणार, की गाडी कुणीतरी हलवली आहे. घरात हलवणारा दुसरा कोण? मी परत गाडीत बसलो, या वेळी आरसा नीट लावला, आणि ती होती तशी, तुळशीकडे तोंड आणि गडग्याकडे पाठ, बरोब्बर वाकडी करून ठेवली. मग आरसाही परत तिच्या उंचीला. चोवीस वर्षांत मी इतकं अचूक काम केलेलं नाही.

खरं सांगतो, संध्याकाळी सांगून टाकायचं असंच ठरवलं होतं. फक्त सवडीने, तिचा आनंद जरा जुना झाल्यावर. पण पाच वाजता ती तुळशीला पाणी घालायला बाहेर गेली आणि मी खिडकीतून बघत राहिलो. ती गाडीच्या मागे जाऊन थांबली. खड्ड्यावर हात फिरवला. तांब्या तसाच हातात. मग ती आत आली, माझ्यासमोर पाटावर बसली आणि म्हणाली,

"अहो, ट्रकला बाजू देताना गाडीला मागून काही लागलं, तर आत बसलेल्याला कळतं का हो?"

इथे मला एक वाक्य बोलायचं होतं. ते वाक्य तोंडात तयार होतं, कर्ता, कर्म, क्रियापद सगळं. ते गिळून मी म्हणालो,

"कधी कधी नाही कळत."

"मग मीच लावून आणलीय." तिचा चेहरा पार उतरला. "मला वाटलंच होतं, 'टक' असा काहीतरी आवाज झाला होता. पण मी आनंदात होते ना, लक्षच दिलं नाही."

आणि मी, वाचकहो, मी काय केलं? मी तिला माफ केलं. "असू दे गं," मी म्हणालो, "सुरुवातीला होतं असं." वर तिच्या पाठीवर हातसुद्धा फिरवला. तिचे डोळे भरून आले. "तुम्ही ओरडाल असं वाटलं होतं," ती म्हणाली. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण आपला नवरा इतका मोठ्या मनाचा आहे हे तिला त्या दिवशी कळलं. मलाही.

"विम्याला कळवायचं का?" तिने विचारलं.

"मी बघतो. विचार करून ठरवू."

सोमवारी पहाटे पाचला गजर झाला. सहा वीसची एसटी. "गाडी आत्ताच दुरुस्तीला टाकायला हवी असं नाही," मी अंथरुणातून म्हणालो, "चालते आहे ती, घेऊन जा." ती म्हणाली, "नको. मागून काय लागतंय तेही मला कळत नाही. उद्या माणूस लागायचं." आणि तिने लायसन पर्समधून काढून लोखंडी कपाटात ठेवलं. सोन्याच्या बांगड्या आणि रेशनकार्डाच्या खणात, जिथल्या वस्तू आम्ही वर्षानुवर्षं काढत नाही.

मी उरलेला वेळ पडून राहिलो, पण झोप लागली नाही.

दुपारी कचेरीतून मी रितेशला फोन केला. रितेश आमचा विमा एजंट. पोरगा हुशार आहे, मला काका म्हणतो.

"रितेश, माझ्या एका मित्राची गाडी लागलीय."

"कोण मित्र?"

"तू नाही ओळखत. राजापूरला असतो. तर त्याचा प्रश्न असा की विमा कंपनीला कळवावं की नाही?"

पलीकडे रितेशने सुस्कारा सोडला. "काका, आज काय दिवस आहे काही कळत नाही. सकाळी एका बाईंच्या मैत्रिणीची गाडी लागली, आता तुमच्या मित्राची. बरं, कशाला लागली?"

"गडग्याला."

"त्या मैत्रिणीची ट्रकला लागलीय. माणूस-बिणूस लागलाय का कुणी? दुसऱ्याचं नुकसान?"

"दोन चिरे पडले. ते परत रचले." बोंबिलांचं मी बोललो नाही.

"मग ऐका. मित्राने किती वर्षं क्लेम घेतला नाही?"

"पाच."

"म्हणजे नो क्लेम बोनस पन्नास टक्के. क्लेम घेतला की पुढच्या वर्षी तो गेला. किरकोळ काम असेल तर माणसं खिशातून करतात. पण काका, घ्यायचा असेल तर लगेच कळवायचं, आणि जे झालं तेच लिहायचं. कोण चालवत होतं, कशी लागली, सगळं. सर्व्हेअर येऊन बघतो, त्याला काही कथा सांगून चालत नाही."

"मित्र खरं बोलणारा आहे," मी म्हणालो.

"उत्तम. पॉलिसी मित्राच्याच नावावर ना?"

"बायकोच्या."

"मग मित्राचा काय संबंध? वहिनी ठरवतील! जिची पॉलिसी तिची सही. मित्राला म्हणावं, तू निवांत बस."

मी निवांत बसलो नाही. ही गोष्ट खरी होती, गाडी वेदिकाच्या नावावर होती. बायकांना कर्जाचा दर थोडा कमी पडतो म्हणून मीच घेतली होती तिच्या नावावर, आणि नंतर विसरून गेलो होतो. म्हणजे मी तीन दिवस ज्या प्रश्नावर डोकं खपवत होतो तो माझ्या टेबलावरचा कागदच नव्हता.

पण सवय वाईट. त्या दुपारी मी मसुदा करायला घेतला. मनात म्हटलं, निदान खरं काय झालं ते लिहून तर काढू, मग तिला वाचायला देऊ. विषय : वाहनास गडगा लागल्याबाबत. (गडग्याला वाहन लागलं असं लिहून बघितलं, बरं दिसेना.) "उपरोक्त विषयास अनुसरून नमूद करण्यात येते की, दिनांक अमुक रोजी वाहन सरळ करण्याची कार्यवाही सुरू असताना सदर गडगा वाहनाच्या संपर्कात आला." चार वेळा वाचलं. उत्तम मसुदा होता. त्यात मी कुठेच नव्हतो. फाडून टाकला.

मंगळवार गेला, बुधवार गेला. रोज पहाटे पाचचा गजर, रोज सहा वीसची एसटी. बुधवारी ती दमून आली, दारातच पायरीवर बसली आणि चपला काढता काढता म्हणाली, "बसायला जागा नव्हती. पण बरं वाटतं हो, दुसरं कुणीतरी चालवतंय." हे ऐकून मी उठून तिला पाणी आणून दिलं. गुरुवारी मी स्वतःहून भाजी चिरली. शुक्रवारी कपडे वाळत घातले. गडग्यापलीकडून गफूरभाई बघत होते.

"लिवलं काय लॉगबुकात?"

"लिहितोय, भाई."

"कपडं वाळवून नाय लिवत."

शनिवारी दुपारी बोलायचंच, असं मी ठरवलं. तिची सकाळची शाळा, माझी सुट्टी, आणि आठवडा पुरा झालेला. ती जेवली. मी समोर बसलो, घसा साफ केला.

"वेदिका, तुला एक सांगायचंय."

"मलाही," ती म्हणाली. "आधी मी सांगते. तुमचा विचार काही पुरा होईना, म्हणून मी सोमवारीच रितेशशी बोलले. आणि मंगळवारी क्लेम टाकला. जे झालं ते सगळं लिहिलंय. चूक झाली तर कळवायला हवी ना हो? वर्गात मुलांना मी हेच सांगते."

मैत्रीण कोण ते मला त्या क्षणी कळलं. आणि पुढे मी तोंड उघडणार एवढ्यात फाटकाबाहेर मोटरसायकल थांबली.

"गाडी बघायला आलोय. पानवलकर. सर्व्हेअर."

पानवलकर म्हणजे लांबट चेहऱ्याचा, शांत माणूस. खांद्याला पिशवी, हातात टॅब. त्याने पाणीसुद्धा घेतलं नाही. गाडीला एक फेरी मारली, मग टॅबवर वाचायला लागला.

"चालक, वेदिका. बरोबर? 'निवळीच्या पुढे चिऱ्यांच्या ट्रकला बाजू देताना मागून टक असा आवाज आला. मी गाडी थांबवून बघितलं नाही. चूक माझीच असावी.'" त्याने वर बघितलं. "ताई, असं कुणी लिहीत नाही. सगळे चूक ट्रकची लिहितात."

"मला जे वाटलं ते लिहिलं," वेदिका म्हणाली. वही तपासायला दिल्यासारखी ती हात जोडून उभी होती.

पानवलकर खाली बसला. बंपरची उंची टेपने मोजली. फुटलेल्या टेललाइटजवळ बोट फिरवून बोट नाकाजवळ नेलं. "चिऱ्याची माती आहे," तो म्हणाला. मला हायसं वाटलं. ट्रकही चिऱ्यांचाच होता. जगात सगळं जुळतं कधी कधी.

"पण हे शेवाळ," तो म्हणाला. "खाणीतून कापून आणलेल्या चिऱ्याला शेवाळ नसतं."

"पाऊस फार झाला यंदा," मी म्हणालो. कुणी ऐकलं नाही.

मग त्याने टेललाइटच्या पोकळीत डोकावून बघितलं, खिशातलं पेन आत घातलं आणि काहीतरी बाहेर ओढलं. लांब, चपटं, वाळलेलं. त्याने ते उन्हात धरलं. गाडीखाली गेले सहा दिवस मुक्काम ठोकून असलेली मांजर लगेच बाहेर आली. (ही मांजर गाडीच्या प्रेमात का पडली आहे, याचं मला आठवडाभर नवल वाटत होतं.)

"हा बोंबील आहे," पानवलकर म्हणाला.

त्याने तो आमच्या दोघांपुढे धरला.

"ट्रकमध्ये ड्रायव्हरचा डबा असतो," मी म्हणालो. "डबा उघडा असेल, तर हिसक्याने..."

हे वाक्य मी का बोललो मला माहीत नाही. गडग्यापलीकडे गफूरभाईंनी कपाळाला हात लावलेला मला दिसला. तेवढ्यात भाभीही बाहेर आल्या होत्या.

"दाखवा बगू," भाभी म्हणाल्या. पानवलकरने बोंबील गडग्यावरून पुढे केला. भाभींनी उलटसुलट करून बघितला, वास घेतला. "आमचाच हाय. मिठाला हात माझा हाय. गेल्या शनवारी काढले तवा धा कमी भरले, मी समजले कावळ्यानं नेले."

पानवलकर उभा राहिला. आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्तच लागलं. "ताई, मी आरोप करत नाही. पण लिहिलेलं आणि गाडीला लागलेलं जुळत नाही. मला तसं कळवावं लागेल. खोटी माहिती दिली असं धरतात, आणि सही तुमची आहे."

वेदिकाचा चेहरा पांढरा पडला. सव्वीस वर्षं मास्तरकी केलेली बाई. तिच्या हजेरीपटावर कधी खाडाखोड नसते. "मी खोटं लिहिलं नाही," ती म्हणाली. "मला खरंच... आवाज आला होता..." आणि तिने माझ्याकडे बघितलं. संशयाने नाही. मदतीला बघतात तसं.

"मी," मी म्हणालो.

"तुम्ही काय?"

"मी लावली. तू झोपली होतीस तेव्हा. गडग्याला. गाडी वाकडी होती म्हणून सरळ करायला गेलो."

पानवलकर टॅबकडे बघत राहिला, भाभी बोंबिलाकडे. वेदिका कपाळाला आठ्या घालून काहीतरी जुळवत होती. वर्गात गणिताच्या पायऱ्या तपासते तशी.

"पण मी उठले तेव्हा गाडी वाकडीच होती."

"हो."

"मी लावली होती तशीच."

"हो."

"म्हणजे तुम्ही धडकवलीत, आणि नंतर माझ्यासारखी वाकडी करून ठेवलीत?"

अशा शब्दांत मांडल्यावर ती गोष्ट मला पहिल्यांदाच नीट दिसली.

"आणि मला माफ केलंत," ती म्हणाली.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती पानवलकरकडे वळली. "साहेब, माझा जबाब बदलायचा आहे. चालक हे. कारण गडगा. लिहा."

"बदलता येईल. चालकाचं लायसन लागेल," पानवलकर म्हणाला.

निदान एवढ्या कामात तरी तत्परता दाखवावी म्हणून मी धावत आत गेलो आणि पाकिटातून लायसन आणून दिलं. त्याने ते बघितलं. मग लांब धरून बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

"पन्नास कधी झाली तुम्हाला?"

"दोन वर्षं होऊन गेली. का?"

"त्याच दिवशी हे संपलंय. पन्नास वर्षांपर्यंतच होतं. म्हणजे सव्वादोन वर्षं तुम्ही बिनालायसनचे चालवताय." त्याने लायसन मला परत दिलं, दोन बोटांनी. "चालकाकडे वैध लायसन नाही म्हटल्यावर हा क्लेम मिळायचा नाही."

दर दिवशी शेकडो कागदांच्या तारखा तपासणारा मी. माझ्या टेबलावरून मुदत संपलेला एक अर्ज कधी पुढे गेलेला नाही.

"हे मला शिकवायला बसले होते," वेदिका म्हणाली.

"दोनच दिवस," मी म्हणालो.

"साहेब, क्लेम मागे घेते," ती म्हणाली. पानवलकरने मान हलवली, तिच्याकडून दोन ओळी लिहून घेतल्या आणि निघताना तिलाच म्हणाला, "कळवलंत ते बरोबर केलंत, ताई. तुमचं बोलणं सरळ होतं. मी तसं लिहीन." माझ्याबद्दल तो काही लिहिणार होता की नाही, हे मी विचारलं नाही.

मोटरसायकल गेली. वेदिका आत गेली, लोखंडी कपाट उघडल्याचा आवाज आला. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात लायसन होतं. माझ्यासमोर हात पुढे केला. मी किल्ली दिली. ती गाडीत बसली, काच खाली केली आणि गडग्याकडे बघून म्हणाली, "भाभी, भाट्याला येता? समुद्राच्या वाऱ्यावर फिरून येऊ."

भाभींनी बोंबील गफूरभाईंच्या हातात दिला आणि बुरखा सावरत आल्या. दोघी फुटक्या टेललाइटने, मजेत, फाटकातून बाहेर पडल्या. सूर्य बुडायच्या आत आल्या. येताना भाभी पुढे बसून इतक्या हसत होत्या की त्यांचं हसू गाडीच्या आधी आवारात पोचलं. कशाला हसत होत्या ते मी विचारलं नाही.

सोमवारी साडेसहाला वेदिका गाडीने शाळेत गेली. गाडीचं काम खिशातून झालं, माझ्या खिशातून. पानवलकरच्या रिपोर्टात चौकशी मिटली. घरात मिटायला पंधरा दिवस लागले. त्या पंधरा दिवसांत ती माझ्याशी फक्त कामापुरतं बोलली, आणि "असू दे हो, होतं असं" हे वाक्य रोज दोनदा, भाजीत मीठ कमी पडलं तरी आणि दूध उतू गेलं तरी.

लायसनची मुदत संपून वर्ष उलटलं की नुसतं नूतनीकरण होत नाही, पुन्हा लर्निंगपासून सुरुवात करावी लागते. हे मला आरटीओतल्या खिडकीतल्या माणसाने सांगितलं, आणि सांगताना माझ्या केसांकडे बघितलं. परीक्षेचा दिवस मिळाला. मला एकट्याला गाडी नेता येत नव्हती (आता सगळ्यांनाच माहीत होतं), म्हणून वेदिकाने रजा काढून मला नेलं. भाट्याची फेरी झाल्यापासून झुबेदाभाभींनीही शिकायचा हट्ट धरला होता. त्यांनीही अर्ज भरला होता, म्हणून त्या आल्या, आणि त्यांना सोबत म्हणून गफूरभाई.

कॉम्प्युटरवर पंधरा प्रश्न, नऊ बरोबर आले की पास. माझ्या बाजूच्या खुर्चीवर भाभी. सातवा प्रश्न होता, वाहन मागे घेण्यापूर्वी चालकाने काय करावे. तीन उत्तरं दिली होती. तिन्ही मला सारखीच योग्य वाटली. मी हॉर्न वाजवणे निवडलं.

भाभींना पंधरापैकी चौदा मिळाले. मला आठ.

"पुढच्या आठवड्यात परत या," खिडकीतला माणूस म्हणाला. मागच्या लोकांनी ऐकावं इतक्या मोठ्याने.

परतताना वेदिका चालवत होती. तिच्या शेजारी झुबेदाभाभी, मांडीवर पर्स, पर्समध्ये लर्निंग लायसनचा कागद. तो त्या दर पाच मिनिटांनी काढून बघत होत्या. मागे मी आणि गफूरभाई. एका वळणावर समोरून डंपर येताना दिसला आणि सवयीने माझं तोंड उघडलं. शब्द बाहेर पडायच्या आत गफूरभाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"गप ऱ्हावा, विनीतराव," ते हळूच म्हणाले. "आता आपून दोगं माल. माल बोलत नाय."